इडा मावशींच्या चुलीवरचा तंबू

माझ्या हट्टी आईला,

आफ्रिकव्हिलचं नाव काढलं की तू फोन ठेवून देतेस, म्हणून हॅलिफॅक्सहून हे लिहितेय. मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत? रोलंडदादा कुत्र्याला फिरवतो का?

नगरपालिकेनं आपलं गाव पाडलं त्याला एवढी वर्षं झाली, तरी जुलैच्या मेळाव्याला जो तो आपलं घर होतं त्याच जागी तंबू ठोकतो. मीही अंदाजानं ठोकला. सकाळी तुझ्या शेजारच्या इडा मावशी काठी टेकत आल्या. "ऊठ गं बाई, माझ्या चुलीवर झोपलीयस," म्हणाल्या, आणि हाताला धरून मला तुझ्या घराच्या दारात नेऊन उभं केलं. नुसतं गवत, आणि समोर पाणी.

इथलं संग्रहालय म्हणजे आपलं चर्चच, जुन्यासारखं पुन्हा बांधलेलं. आत एक फोटो आहे. नगरपालिकेनं पाठवलेल्या कचऱ्याच्या ट्रकमध्ये घरातलं सामान भरतायत आणि बाजूला एक मुलगी तोंड फिरवून उभी आहे. वेणीवरून मी तुला ओळखलं. सोबतच्या इडा मावशी म्हणाल्या, "तेव्हापासून तिनं मान खाली घातलीय. का? ट्रक काय तिनं मागवला होता?"

तंबू तुझ्या घराच्या जागी हलवलाय, दार पाण्याकडे केलंय. महिनाअखेरपर्यंत तो इथंच आहे. मावशी रोज विचारतात, "आली का तुझी आई?" काल मी सांगितलं, तिचे गुडघे दुखतात.

त्या काठीकडे बघत म्हणाल्या, "आणि माझे काय नवे आहेत?"

वाट बघणारी,
तुझी मार्वा