अण्णाच्या इंजिनाचा फॉल्ट

३ नोव्हेंबर १९५२, सोमवार. नौबाद.
थोरल्या भावाचं, अण्णाचं इंजिन आजपासून माझ्या ताब्यात. विजेवरचं खेळणं, पण हुबेहूब वाफेच्या इंजिनासारखं. स्टेशनातल्या एका सायबानं बदली होऊन जाताना अण्णाला दिलेलं. माजघरात गोल रूळ, मोटारीच्या बॅटरीवर चालतंय. अण्णा मला हात लावू देत नव्हता. एकदा मोटर जळाली माझ्याकडून, एवढंच. आता तो जाऊन सव्वा वर्ष झालं.

फॉल्ट मामुली. कोनाड्यातल्या अण्णाच्या फोटोसमोर आलं की इंजिन थांबतंय. बोटानं ढकललं की पुन्हा चालू. अव्वा बघत बसती. आईचं म्हातारं मन, काहीबाही भरंल. तिच्यासाठी तरी उद्या संध्याकाळपर्यंत दुरुस्त.

४ नोव्हेंबर.
झालं न्हाई. वायरिंगची उर्दू किताब काढली. बॅटरी कमजोर. शंभर टक्के.

६ नोव्हेंबर.
नवी बॅटरी. इंजिन दुप्पट जोरात आलं आणि फोटोसमोर थांबलं.

बायको पार्वतम्मा म्हणाली, थोरल्या भावजींना तुमचा हात लागलेला आवडंना. मी म्हणालो, तू भाकरी बघ, हे इलेक्ट्रिकचं काम हाय. बायकांच्या डोक्यात भूत लवकर शिरतंय. अव्वाची काळजी वाटायली.

७ नोव्हेंबर, दुपारी.
कार्बन ब्रश बदलले. जोड नव्यानं डागले. बोट पोळलं. थांबायचं ते थांबलंच.

फोटोचं तोंड भिंतीकडं केलं. भीती म्हणून न्हाई. काचेची तिरीप डोळ्यावर येती, बारीक काम दिसत न्हाई. अव्वानं येऊन फोटो परत सरळ केला.

९ नोव्हेंबर.
काल रात्री बॅटरीची वायर काढून जेवायला बसलो. माजघरातून घर्र आवाज. उठून बघितलं न्हाई. कामून बघायचं? वायर काढल्यावर इंजिन चालणारच न्हाई, हे शास्त्र हाय.

मग ओट्यावर झोपलो. मोकळ्या हवेसाठी. थंडी लई. सकाळी बघतो तर इंजिन फोटोसमोर. मी दाराजवळ ठेवलं हुतं. झाडताना पार्वतम्मानं सरकवलं असंल. ती न्हाई म्हणती. विसरली असंल.

१० नोव्हेंबर, सोमवार.
सापडला! अव्वा रोज सकाळी लिंगपूजा झाली की फोटोला इभूतीची तीन बोटं ओढती. ती झडून खाली रुळावर पडती. वीतभर रूळ नुसता पांढरा! राखेतून करंट जाईल कसा? किताबात हे न्हाई. मी शोधलं.

रॉकेलच्या फडक्यानं रूळ पुसला. इंजिन अकरा वेळा फोटोसमोरून गेलं. एकदाबी थांबलं न्हाई. अव्वाला बोलावून दाखवलं. म्हणाली, बरं झालं बाबा. पण तिचं तोंड उतरलेलं मला दिसलं.

११ नोव्हेंबर.
अव्वा उदास. म्हणजे भाकरी थापली, शेजारणीसंगं हसलीबी, पण आतून उदास. मला भूक न्हाई. पित्त असावं. इंजिन एकदा चालवलं. सरळ निघून गेलं. लगेच बंद केलं.

१३ नोव्हेंबर, संध्याकाळी.
शास्त्र आईपेक्षा मोठं न्हाई. फक्त अव्वासाठी चिमूटभर इभूत रुळावर टाकली. इंजिन आलं, हळू झालं, अण्णासमोर उभं राहिलं. छातीवरचा धोंडा उतरला. अव्वाच्या, म्हणजे तिच्या दृष्टीनं. ओरडलो, अव्वा, लवकर ये, थांबला बघ!

अव्वा आली. गुडघ्यावर हात देत खाली बसली. रूळ बघितला, पदरानं पुसला. म्हणाली, तिप्पा, तो गेला तवा त्याचं डोकं माझ्या मांडीवर हुतं. तो आता कुठं न्हाई, मला ठावं हाय. तू रोज मला हाका मारतोस म्हणून येऊन बसायले मी. तीन दिस झाले, तू घास गिळंना झालास.

१४ नोव्हेंबर.
इंजिन चालू. फॉल्ट काही न्हाई. अव्वानं शेजारी बसून दीड भाकर खायला लावली. मी तिला समजावलं, भूतबित काही नसतंय, अण्णाचं उगं मनाला लावून घेऊ नको. ती व्हय म्हणाली आणि माझे डोळे पुसले.