पाठीवरचा चेंडू

बिबवेवाडी, पुणे
१४ नोव्हेंबर २०२५

आम्रपाली ताई, जयभीम.

शुद्धलेखनाच्या चुका असतील, हसू नकोस. नववीतच शाळा सुटली, त्यात मोबाईलवर एका बोटाने टाइप करते. दुपारी सुरू केलंय, संध्याकाळ होईल.

आई बरी आहे. माझं फॉल-पिकोचं काम चालू आहे.

तू विचारलंस, चेतन भाऊजी फार घोरतात, पप्पांना काय करायचीस ते पाठव. पाठवते. झोपायच्या आधी गरम पाण्याची वाफ द्यायची. पोटभर जेवून लगेच आडवं व्हायचं नाही. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली एकेक वीट. आणि उताणं झोपू द्यायचं नाही. त्यासाठी मी बनियनला पाठीवर खिसा शिवला आणि त्यात रबरी चेंडू घातला. उताणे झाले की रुतायचा, मग आपोआप कुशीवर. पप्पा म्हणायचे, "या वयात मला क्रिकेटला घातलंस."

हे का केलं ते तुला माहीत नाही. कोथरूडच्या सोसायटीत वॉचमनच्या रात्रपाळीला असताना त्यांना केबिनमध्ये डुलकी लागली. कुणीतरी घोरण्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. खाली एकाने लिहिलं, "चोर आवाजानेच पळेल, पगार वाढवा यांचा." पप्पांनी मला तो हसत दाखवला. मग दोन दिवस नीट जेवले नाहीत. परत घोरताना सापडले तर सोसायटीवाले त्यांना कामावरून काढून टाकणार होते.

त्यांचं घोरणं मधेच बंद पडायचं. श्वासच नाही. मग मी पायाचा अंगठा ओढायचे. मोठा श्वास घेऊन परत चालू व्हायचे. ते दिवसा झोपायचे, मी शेजारी शिवत बसलेली, म्हणून ते माझंच काम होतं. आईला सांगितलं नाही. डॉक्टरला तर नाहीच.

जूनमध्ये पप्पा गेले त्या दुपारी मी साड्या द्यायला दुकानात गेले होते, असं सगळ्यांना सांगितलं. तुलाही.

ताई, मी घरीच होते.

दोन वाजता आवाज थांबला. मला वाटलं, चेंडू लागू पडला. खरं सांगते, आनंद झाला. झोप मोडू नये म्हणून मशीन बंद ठेवलं आणि हाताने फॉल लावत बसले. दोन साड्या झाल्या. अंगठा हातभर अंतरावर होता. पाच वाजता आई कामावरून आली, तिने हाक मारली, तेव्हा कळलं.

आता खाट भिंतीला उभी करून ठेवलीय. तरी दोन वाजले की तिकडून घोरणं येतं. थांबलं की माझा हात आपोआप पुढे जातो. आईला ऐकू येत नाही.

भाऊजींना वाफ दे, चेंडू लाव. पण आधी डॉक्टरकडे ने, नको म्हणाले तरी ने. आणि एकदम गप्प झाले तर खूश होऊ नकोस. उठव.

रागावलीस तरी चालेल. फोन नको करूस, मला बोलता येणार नाही. लिही.

आणखी काय लिहू. खालच्या रंगराव काकांची स्कूटर चोरीला गेली होती, ती आज सकाळी परत दारात उभी. टाकी फुल.

तेव्हा घरीच असलेली,
मैत्री