तोकेक किती वेळा बोलला

आदरणीय बुलिक वार्सिनी यांना,

तुमच्यापुढे बसून गुडघ्याला कपाळ टेकवायचं यंदाच्या ईदलाही जमलं नाही, म्हणून कागदावरूनच टेकवतो आहे. (उजव्या गुडघ्याला. डावा दुखतो हे लक्षात आहे.) तुमचा रक्तदाब, गच्चीतल्या मिरच्या आणि सूनबाईंचा स्वभाव हे तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे आई खुशाल आहे. निदान ती तसं म्हणते, आणि तुमच्या मोठ्या बहिणीला खोटं पाडायची हिंमत या घरात कुणी केलेली नाही, अब्बा गेल्यापासून सात वर्षं तर घरात तिच्याजवळ मी एकटाच आहे. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तुमचा फोन सूनबाई उचलतात आणि स्पीकर लावून भांडी घासायला बसतात. तेव्हा हे पत्र कृपया एकटीनं वाचावं, आणि चष्मा लावून वाचावं.

बातमी अशी, की तुमचा भाचा, वय वर्षं छत्तीस, शाळेच्या प्रयोगशाळेत अकरा वर्षं दुसऱ्यांच्या परीक्षानळ्या विसळणारा, यानं योग्याकर्त्याच्या एका विद्यापीठात जीवशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी अर्ज केला. अर्जात संशोधनाचा विषय लिहायचा होता. मी लिहिलं: तोकेक. आपल्या स्वयंपाकघराच्या आढ्यात राहतो तोच, निळसर अंगावर नारिंगी ठिपके असलेला, वीतभर लांबीचा, पालीच्या जातीचा. तुमच्या साखरपुड्याला पाहुण्यांच्या भातात पडला होता तो. (आईच्या मते तो याचा बाप.) घरात काही अडलं की सगळे त्याच्या बोलण्याची वाट बघतात, पहिल्या ‘तो-केक’ला होय, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला पुन्हा होय, आणि शेवटचा आवाज ज्यावर पडेल तो निकाल, हे तुम्हाला मी काय सांगणार! तुमचं लग्न त्यानंच सात आवाजांत ठरवलं. मला मात्र त्याचं उत्तर नको होतं, तो इतकेच आवाज का काढतो ते हवं होतं. म्हणून दोन वर्षं, रोज संध्याकाळी, वही घेऊन मी चुलीपाशी बसलो. वेळ, उकाडा, पाऊस, आवाज किती, सगळं लिहिलं. तेव्हा कुठे एक गोष्ट हाती लागली. पोट भरलेलं असलं की हा गृहस्थ सहा किंवा आठ वेळा बोलतो, उपाशी असला की सात किंवा नऊ वेळा. दहापैकी सात दिवस हे खरं ठरतं. बुलिक, आयुष्यात पहिल्यांदा मला अशी एक गोष्ट ठाऊक झाली होती जी दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती, आणि त्या आनंदात मी दोन दिवस जेवलो नाही.

आता अर्जाला जोडायच्या कागदांत कुटुंबाच्या संमतीचं एक पत्र असतं, ते मागाहून दिलं तरी चालतं. माझ्या डोक्यावरचे निम्मे केस गेले आहेत, तरी आईची सही लागते. आई म्हणाली, मी कोण ठरवणार, तोकेकला विचारू. मी म्हटलं, अगं, ज्याच्यावर अभ्यास करायचा त्यालाच कसं विचारायचं? ती म्हणाली, ज्याच्यावर करायचा त्याला विचारायची रीतच आहे. संध्याकाळी दोघं चुलीपाशी बसलो. जा, नको, जा, नको, जा, नको. सहा. आईनं पदर झटकला आणि सोयाबीनचं तेंपे तळायला घेतलं. मी रडकुंडीला येऊन म्हणालो की मोजणी ‘नको’पासून सुरू करायला हवी होती, आज हवा दमट आहे, हा प्रयोग बाद धरावा. पण एकदा विचारलेला प्रश्न शंभर दिवस पुन्हा विचारायचा नसतो, हा आपल्या आजीचा नियम. मी पंचांग काढून पाहिलं. शंभरावा दिवस संमतीपत्र पोचवायच्या शेवटच्या तारखेच्या बरोबर एक दिवस आधी पडत होता. तेव्हा बाकीचे कागद तरी जमवून ठेवू असं ठरवलं.

शिफारसपत्रं दोन लागतात. पहिलं मागायला आमचे मुख्याध्यापक पाक तुकिजान यांच्याकडे गेलो. ते म्हणाले, तूच लिहून आण, मी सही करतो, सगळे असंच करतात. आता तुम्हीच सांगा, चांगल्या घरात वाढलेला माणूस स्वतःच्या तोंडानं स्वतःची स्तुती कशी करणार? मी तीन दिवस झटून लिहिलं, ‘अर्जदार बेताच्या बुद्धीचा आहे, तथापि कोणाला त्रास देत नाही. त्याच्या हातून आजवर केवळ चाळीस परीक्षानळ्या फुटल्या.’ मला वाटलं, हे वाचून ते हसतील, कागद बाजूला सारतील आणि चार चांगले शब्द स्वतः घालतील. पण तेही चांगल्या घरातले. दुसऱ्यानं लिहिलेलं खोडणं त्यांना असभ्य वाटलं. त्यांनी फक्त खाली एक ओळ वाढवली, की अशा माणसालाही अकरा वर्षं सांभाळून घेणारं नेतृत्व या शाळेला लाभलं आहे, आणि सही ठोकली.

दुसरं पत्र गावप्रमुख पाक सुबेनो यांच्याकडून घ्यायचं ठरवलं, कारण अर्जात ‘अर्जदाराचं काम प्रत्यक्ष पाहिलेली व्यक्ती’ असं लिहिलं होतं आणि माझं काम पाहायला कुंपणावरून रोज तेच डोकावत असत. ते लगेच तयार झाले. फक्त गावची निवडणूक आठवड्यावर आली होती, तेव्हा तोकेक तीन दिवस त्यांच्या घरी राहायला पाठवावा एवढंच म्हणणं होतं. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. (ही वेगळी पाल. हिच्या नोंदी मी ठेवत नाही.) तरी गरजवंत माणूस, शिडी लावली. तोकेक पकडताना त्यानं माझा अंगठा धरला, आणि त्यानं एकदा धरलं की सोडायचा विचार तो सवडीनं करतो. मग मी तसाच, अंगठ्याला तोकेक लोंबतो आहे अशा अवस्थेत, गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेलो. लोकांना वाटलं प्रचारफेरी आहे. मागून वीस-पंचवीस माणसं चालू लागली, कुणीतरी ढोल आणला.

पाक सुबेनोंनी पाहुण्याची अशी बडदास्त ठेवली की विचारू नका. टोळ, झुरळं, आणि नारळाच्या रश्श्यातलं कोंबडीचं काळीजसुद्धा. परिणामी तोकेक तीन दिवस निपचित पडून राहिला आणि सम नाही, विषम नाही, एक अक्षर बोलला नाही. पाक सुबेनोंना ताप भरला. पण त्यांच्या विरुद्ध उभ्या असलेल्या गृहस्थांनी याचा अर्थ असा लावला की या निवडणुकीबद्दल बोलायलाच तोकेक घाबरतो आहे, आणि त्यांनी अर्ज मागे घेतला. त्यामुळे माझं दुसरं शिफारसपत्र शिक्क्यासकट दोन पानांचं झालं. त्यात शेवटी लिहिलं आहे (त्यांनीच वाचून दाखवलं), की या माणसाच्या सांगण्यावरून तोकेक गप्पही बसतो. संशोधनाच्या दृष्टीनं याहून वाईट वाक्य मला सुचलं नसतं, पण पाकीट बंद करून मिळालं होतं.

मुलाखतीला बोलावणं आलं तेव्हा मी अब्बांचा तपकिरी बाटिकचा सदरा घातला. आईनं तो न सांगता इस्त्री करून ठेवला होता, आणि मी विचारलं तर म्हणाली, कपाटात जागा करत होते. आत तीन प्राध्यापक होते. मधोमध बू रुमिनी, विभागप्रमुख, लहानखुऱ्या, आणि माणसाकडे सूक्ष्मदर्शकातून बघावं तसं बघणाऱ्या. दोन्ही शिफारसपत्रं त्यांच्यापुढे होती. मग त्यांनी विचारलं, “तोकेकला पुढचं कळतं, असं तुम्ही मानता?”

मी म्हटलं, “नाही बाई. मादी कुठे आहे हे कळलं तरी त्याला पुरे असतं.”

तिघांनी माना डोलावल्या. मग त्यांनी वही मागितली आणि तासभर एकेक पान उलटत राहिल्या. बुलिक, माझी वही आजवर इतका वेळ कुणी वाचली नव्हती. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. बाहेर पडलो तर डावीकडचे प्राध्यापक मागोमाग आले आणि दबक्या आवाजात म्हणाले की थोरलीला एक स्थळ आलं आहे, मुलगा तसा बरा आहे, तुमचा तोकेक मोकळा कधी असतो? त्यांना कसंबसं वाटेला लावलं, तर जिन्यात उजवीकडचे उभे होते, त्यांना हर्नियाचं ऑपरेशन करायचं की नाही ते ठरवायचं होतं. फाटकापाशी खुद्द बू रुमिनींनी गाठलं. निवृत्तीनंतर शहरातलं घर ठेवावं की गावी जावं, हे त्यांना निव्वळ आकडेवारी म्हणून जाणून घ्यायचं होतं. मी सांगितलं, जे हवं आहे तिथून मोजायला सुरुवात करा, आणि त्याला उपाशी ठेवा. त्यांनी पेन काढून तळहातावर ‘उपाशी’ असं लिहून घेतलं.

पंधरा दिवसांनी निवड झाल्याचं पत्र आलं. आईनं ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं, घडी घालून तांदळाच्या डब्यात ठेवलं आणि म्हणाली, अजून शंभर दिवस झालेले नाहीत. मग मीही शास्त्राला लागलो. शेवटचे तीन दिवस स्वयंपाकघरातला दिवा लावू दिला नाही, म्हणजे किडे येणार नाहीत. झुरळं, कोळी, मुंग्या, सगळं झाडून काढलं. इतकं स्वच्छ स्वयंपाकघर शेजाऱ्यांनी येऊन पाहिलं. शंभराव्या दिवशी संध्याकाळची नमाज झाल्यावर आम्ही चुलीपाशी बसलो. तोकेक बोलला, आणि अल्लाच्या कृपेनं नऊ वेळा बोलला. आईनं तिथेच सही केली. पुढल्या महिन्याच्या पाच तारखेला मी योग्याकर्त्याला जातो आहे, दोन वर्षांसाठी. तुमचा आशीर्वाद असावा.

मुलाबाळांना आणि त्यांच्या आईलाही माझा सलाम सांगावा.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
प्रसोजो

ता. क. तोकेक मी सोबत नेणार नाही. दोन प्राध्यापकांनी तशी तोंडी विनंती केली आहे, पण मी ऐकू न आल्याचं दाखवलं.

ता. क. दुसरा. मूळ काम राहूनच गेलं. तुम्ही इकडे येऊन राहाल का? दोन वर्षं नाही म्हणत, पहिले सहा महिने तरी. मी बोलावलं असं आईला अजिबात सांगू नका, ती मला जाऊच देणार नाही. सांगा की सूनबाईंशी पटत नाही, ते तिला लगेच पटेल. गेल्या महिन्यात ती दोनदा चुलीपाशी चक्कर येऊन बसली आणि दोन्ही वेळा म्हणाली की लसूण सोलत होते. तुमचं तिच्याशी भांडण होईल हे मला माहीत आहे. तिला भांडायला कुणीतरी हवंच आहे.

ता. क. तिसरा. वर मी तुम्हाला एक गोष्ट खोटी लिहिली, ती लिहून पाकीट चिकटवावंसं वाटत नाही. त्या शंभराव्या दिवशी दुपारी सुपारी शोधताना आईच्या विड्याच्या डब्यात मला टोळांचे पाय सापडले. मूठभर होते. मग वही उघडून बघितली, तर ‘उपाशी असता विषम’ या ओळीवर तेंपेच्या तेलाचं बोट उमटलेलं होतं. माझं अक्षर लागत नाही असं ती दोन वर्षं म्हणत होती. मी ज्याला उपाशी ठेवत होतो त्याला ती पहाटे उठून, शिडीवर चढून खाऊ घालत होती, या वयात. शंभर दिवसांपूर्वीही तिनंच घातलं असणार. मी पाय होते तसेच डब्यात ठेवले. संध्याकाळी बसलो, तोकेक बोलला आणि आठवर थांबला. मी आठ मोजले, बुलिक, मला मोजण्यात चूक होत नाही. मान वर करायचं धैर्य झालं नाही, म्हणून वहीकडेच बघत राहिलो. आईनं विड्याचा डबा खटकन बंद केला. मग म्हणाली, “नऊ. मी नऊ ऐकले. लिही, नऊ.” मी लिहिले. बू रुमिनींनी विचारलं, तर ही नोंद खोटी आहे आणि हिशेबातून वगळावी असं मी सांगेन. तुम्हाला आईनं विचारलं, तर प्रसोजोच्या पत्रात नऊच लिहिले होते असं सांगा.