पन्नासची लेन्स, बोलण्याइतकं अंतर

आत्या,

परवा सांगलीत फोटोग्राफी शिकवणाऱ्या एका वर्गात मला बोलायला बोलावलं होतं. बोलून झाल्यावर एका मुलीनं विचारलं की, आता मोबाइललासुद्धा दोन-तीन लेन्स असतात, मग तुम्ही रोजच्या कामाला ती एकच पन्नास एमएमची का लावता? मी तिला सगळे सांगतात तेच सांगितलं. ही लेन्स आपल्या डोळ्याला दिसतं साधारण तसंच दाखवते. वाइड लेन्स घेऊन माणसाच्या जवळ गेलं की नाक पुढं येतं, लांबच्या लेन्सनं मागचं सगळं माणसाच्या अंगावर आल्यासारखं दिसतं, हिच्यात तसं होत नाही. ही लहान आहे, हलकी आहे, तोंड मोठं उघडते म्हणून अंधाऱ्या घरातही फ्लॅश लागत नाही. छोट्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हेच काम पस्तीसची लेन्स करते, हेही सांगितलं. यातलं काहीच खोटं नव्हतं. पण तासगावच्या पुढं बस रिकामी झाली, खिडकीतून उसाचे फड मागं जायला लागले, तेव्हा वाटलं की ही माहिती झाली, उत्तर नाही झालं. उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून तुम्हालाच लिहायला बसले.

मी सांगलीच्या गावभागात वाढलेली. लग्न होऊन कडेगावात आले आणि महिन्याभरात तुमचा मुलगा रजा संपवून पलटणीत निघून गेला. घरात तुम्ही आणि मी. मामंजींच्या माघारी तुम्ही स्टुडिओ चालवत होता, त्याचं लोकांना आता नवल उरलं नव्हतं. उलट आसपासच्या गावांतल्या बायका मुद्दाम तुमच्याकडेच यायच्या. कॅमेऱ्यामागं बाई आहे म्हटल्यावर त्यांचे खांदे खाली यायचे, पदर सैल व्हायचा, काहीजणी तर हसायच्याही. मी माडीवर गप्प बसून असायचे. एके दिवशी तुम्ही मला खाली बोलावलंत आणि कॅमेरा हातात दिलात, दळण आणायला डबा द्यावा तितक्या सहज.

पहिला धडा तुम्ही स्वयंपाकघरात दिलात. तुम्ही भाकरी थापताय, मी उंबऱ्यात कॅमेरा घेऊन उभी. परातीवरून नजर न काढता तुम्ही म्हणालात, "तितनं मी दिसती न्हवं? परातीसकट, चुलीसकट? मग यवढंच अंतर. हितनं दोन माणसं बोलत्यात. ह्याच्यापरीस लांब गेलं तर वरडायला लागतंय." दुसरा डोळा मिटायचा नाही, हेही तेव्हाच शिकवलंत. एका डोळ्यानं कॅमेऱ्यातून बघायचं, दुसऱ्यानं उघडं. पन्नासची लेन्स असली की दोन्हीकडं माणूस जवळपास सारखाच दिसतो. मला ती गंमत वाटली होती. बराच वेळ मी दोन्ही डोळ्यांनी तुम्हाला भाकरी थापताना बघत उभी राहिले, आणि तव्यावरची भाकरी करपायला आली तेव्हा तुम्ही म्हणालात, आता उलथनं घे.

पुढं शिराळ्याच्या एका लग्नाला तुम्ही मला एकटीला पाठवलंत. दुकानात एक लांबची लेन्स होती, मामंजींनी हौसेनं घेतलेली. मी तीच लावली. मांडवाच्या खांबाला टेकून मी लांबूनच सगळं टिपलं, कुणाच्या मध्ये जावं लागलं नाही, कुणाशी बोलावं लागलं नाही. मुलीची पाठवणी करताना तिच्या आईचा चेहरा तर असा आला होता की मीच स्वतःवर खूश होते. तुम्ही प्रिंट उजेडाकडं धरून बघितलीत. म्हणालात, "त्वांड झ्याक आलंय. पर हिला तू दिसलीस का?" मी म्हटलं, नाही. "मंग हिचं रडणं तू चोरून आणलंस. जवळ जायाचं आसंल तर पायानं जावं." मला राग आला होता. त्या दिवशी मी तुमच्याशी धड बोलले नाही, हे तुम्हाला कळलंही असेल, पण तुम्ही ते कधी काढलं नाहीत.

मग ती बातमी आली. डोंगरात यांची गाडी घसरून खाली गेली होती. जीव वाचला. बरेच महिने दवाखान्यात काढून हे घरी आले ते डावा डोळा गमावून, आणि कपाळापासून हनुवटीपर्यंत टाके. घरी आल्या दिवसापासून यांनी माझ्याकडं उजवी बाजूच ठेवली. जेवताना भिंतीकडं तोंड. मी खोलीत गेले की हे खिडकीशी. आणि खरं सांगायचं तर मीही ताट ठेवून लगेच बाहेर यायचे. त्यांना नको वाटत असेल, असं मी मनाला सांगत होते. दोन माणसांच्या घरात आता तीन माणसं होती, आणि आधीपेक्षा बोलणं कमी होतं.

पेन्शनच्या कागदांना फोटो लागणार होता. हे म्हणाले, कराडला जाऊन कुठल्यातरी अनोळखी दुकानात काढून येतो. सकाळी तुम्ही कॅमेऱ्याला पन्नासची लावलीत, लांबची लेन्स कपाटात घातलीत, कपाटाची किल्ली कमरेला खोचलीत आणि मला म्हणालात, तू काढ. मी म्हटलं, आवं आत्या, तुम्ही काढा, तुमचं ऐकतील. तेव्हा तुम्ही माझ्याकडं बघून जे बोललात ते मला शब्दन् शब्द आठवतं. "मी आई हाय. माझ्याफुडं त्यो बसंल बी. पर त्येला जलम तुझ्यासंगं काढायचाय." आणि पायात चपला घालून तुम्ही मंडईला निघून गेलात.

दुकानाचं दार पुढं केलेलं आहे. हे स्टुलावर बसले आहेत, तोंड पडद्याकडं. वरच्या झरोक्यातून उजेड येतोय. हे म्हणतात, लांबून काढ. मी म्हणते, हिच्यात लांबून नीट येत नाही. मग नकोच, म्हणतात. मी बाहेर जात नाही. दुसरं स्टूल ओढते, भाकरी थापणाऱ्या बाईशी उंबऱ्यातून बोलावं तितक्या अंतरावर बसते, आणि कॅमेरा डोळ्याला लावते. दुसरा डोळा उघडाच आहे. कॅमेऱ्यात जेवढे हे, तेवढेच बाहेर. माझ्या हातात काच आहे, पण तिच्याआड लपायला जागा नाही. मी तशीच बसून राहते. बऱ्याच वेळानं, पडद्याकडं बघतच, हे विचारतात, "कसा दिसतोय मी?"

मला खोटं सुचलं नाही. मी म्हटलं, "डावा गाल ओढला गेलाय. डोळा मिटलाय. बाकी तुम्हीच आहात."

मग सावकाश, मान अवघडलेल्या माणसासारखं, त्यांनी तोंड माझ्याकडं फिरवलं. मी बटण दाबलं, आणि कॅमेरा खाली घेतल्यावरही आम्ही दोघं तिथंच बसून होतो. तुम्ही मेथीची जुडी घेऊन आलात, आमच्याकडं एकदा बघितलंत, आणि आमच्या दोघांचा जोडीचा फोटोही लागणार म्हणून कॅमेरा हातात घेतलात. "सरका जरा," एवढंच म्हणालात. नेहमीपेक्षा तुम्हाला फोकस करायला फार वेळ लागला होता. तुमचे डोळे भरले होते, ते आम्ही दोघांनीही बघितलं.

त्यानंतर सगळं लगेच सरळ झालं नाही. कितीतरी दिवस हे डार्करूममध्येच काम करायचे, गिऱ्हाईक आलं की दार लावून घ्यायचे. पण जेवताना भिंतीकडं बसणं थांबलं. पुढं एकदा एका लहान पोरीनं काउंटरवरून थेट विचारलं, काका, डोळा कुठं गेला? यांनी तिला गाडी, डोंगर, बर्फ, सगळं रंगवून सांगितलं, आणि दार उघडं राहिलं. तुम्ही हे सगळं बघूनच गेलात, याचं मला समाधान आहे. जाण्याआधीच्या वर्षी ती लेन्स तुम्ही मला तुमच्या लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळून दिलीत. आता ती घट्ट फिरते, कडेला बुरशीचा एक ठिपका आहे. रोज तीच लावते. लोकांना ती उजेडासाठी आवडते, मला ती मला उठून पुढं जायला लावते म्हणून.

हे पत्र पाकिटात घालायचं नाही, हे लिहायला बसले तेव्हाच ठरलं होतं. म्हणून एक सांगूनच टाकते. वर्ग सुटल्यावर मुली मला कृष्णेच्या घाटावर घेऊन गेल्या. त्यातल्या एकीजवळ हातभर लांबीची लेन्स होती. तिनं आग्रह केला म्हणून डोळ्याला लावली. पलीकडच्या काठावर एक बगळा उभा होता, आणि त्याच्या चोचीवरचं पाणी मला थेंबाथेंबानं दिसलं. मुलगी दोनदा म्हणाली, मॅडम, बस निघेल. आत्या, मला ती लेन्स परत द्यावीशीच वाटेना. लय मजा आली.