चिपचा दोष नाही, मामा!

ती. मामांस,

भाचीचा नमस्कार, आणि तोही चांगला कमरेत वाकून. सध्या मी दुसऱ्या कुणापुढे वाकत नसल्यामुळे साठलेलं सगळं वाकणं तुमच्याच वाट्याला आलं आहे. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला थांबला का? बुद्धिबळात हल्ली कोण हरतं, तुम्ही की शेजारचे डॉक्टर? (तुम्ही जिंकत असाल तर ते मुद्दाम हरत असतील, एवढं लक्षात ठेवा. तुमचा रक्तदाब तपासणारेही तेच आहेत.)

आता मुद्द्याचं. तुमचे कॉलेजमित्र, म्हणजे आमचे मुख्य इंजिनियर, ज्यांना कारखान्यात सगळे 'सबुरीसाहेब' म्हणतात, त्यांचा फोन तुम्हाला येऊन गेला असणार. भाची उद्धट आहे, पाहुण्यांसमोर तिने स्फोट केला, आणि माफी मागायला नकार दिला, असं त्यांनी सांगितलं असणार. पैकी पहिलं तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे, तिसरं शंभर टक्के खरं आहे, आणि दुसरं साफ खोटं आहे. तो स्फोट नव्हता, ठिणगी होती. तुमच्या शब्दावर मला ही नोकरी मिळाली, तेव्हा माझी बाजू ऐकण्याची शिक्षा तुम्हाला भोगायलाच हवी.

मी इथे नक्की काय करते हे तुम्हाला आजवर कळलेलं नाही. (पाहुण्यांना तुम्ही "ती टीव्ही दुरुस्त करते" असं सांगता, ते मी आतल्या खोलीतून ऐकलं आहे.) तर, कॉम्प्युटरकडून रंगीत मॉनिटरला जे चित्र येतं ते अगदी क्षीण, आजाऱ्याच्या आवाजात येतं. पिक्चर ट्यूबला ऐकू जायचं तर तेच कुणीतरी मोठ्यानं ओरडून सांगावं लागतं. ते ओरडणारं सर्किट माझं. लाल, हिरवा, निळा असे रंग तीन, म्हणून ओरडणारेही तीन. बरं, नुसतं मोठ्यानं ओरडून भागत नाही, भराभर ओरडावं लागतं. बारीक अक्षरांच्या चित्रात एकेका ओळीत हजारावर ठिपके असतात आणि प्रत्येकाला वेगळा निरोप द्यायचा असतो. ओरडणारा जरा रेंगाळला की अक्षराला शेपूट फुटतं आणि शेजारच्या अक्षराच्या अंगावर पडतं.

आमच्या जुन्या बोर्डात या तिघांचे संसार वेगवेगळे आहेत. प्रत्येकाचे ट्रान्झिस्टर निराळे, तापण्याची वेळ निराळी, रुसण्याची तऱ्हा निराळी. सकाळी पांढरंशुभ्र दिसणारं पान जेवणाच्या सुट्टीपर्यंत लाजल्यासारखं गुलाबी होतं. मी म्हटलं, हल्ली बाजारात एक चिप मिळते, काडेपेटीएवढी. तिच्यात हे तिघेही एका छपराखाली असतात. तापले तर सारखे तापतील, धावले तर बरोबर धावतील. ती ट्यूबच्या मानेलाच चिकटवू, म्हणजे वायरही लांब नको आणि शेपूटही नको. सबुरीसाहेब चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "अगं, तीन सुना एका स्वयंपाकघरात? लालचं बोलणं निळी ऐकणार, निळीचं हिरवी, आणि चित्राचं वाटोळं." (साहेबांना सुना नाहीत. एकच जावई आहे, आणि तो त्यांच्याशी बोलत नाही.)

तरी मी एक मॉनिटर तयार केला. काय सांगू मामा, मुंगीच्या पायाएवढी रेघ अशी उमटली की बोट लावलं तर टोचेल! दोन दिवस मी जमिनीवरून चालत नव्हते. तिसऱ्या दिवशी मॉनिटरमधून 'टक्' असा आवाज आला आणि चिप मेली. दुसरी घातली, तीही तशीच 'टक्' करून गेली. तिसरीही. साहेबांच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते परक्याच्या घरचं मयत ऐकल्यावर असतं तेवढंच. म्हणाले, "चिप भरवशाची नाही असा अहवाल लिही, सही कर, आणि जुन्या बोर्डावर ये." मी म्हटलं, मेली कशानं ते कळल्याशिवाय मयताच्या दाखल्यावर माझी सही मिळणार नाही. ते म्हणाले, जरा सबुरीनं घे. मी म्हटलं, सबुरीनं घेते, सही तेवढी देत नाही.

माझा संशय ट्यूबवर होता. तिच्या पोटात पंचवीस हजार व्होल्ट असतात, आणि अधूनमधून आतल्या आत ठिणगी पडते. पडणारच, तो तिचा स्वभाव आहे. ती ठिणगी बाहेर निघते ती वाट शोधत. आपण धड वाट दिली तर गुपचूप निघून जाते, नाही दिली तर जो दिसेल त्याच्या घरात शिरते. पण हे डोळ्यांनी बघायचं तर अंधार हवा, आणि आमच्या खोलीच्या खिडक्यांना पडदे नाहीत. (मागितले होते. साहेब म्हणाले, उजेड फुकट मिळतो.) मग मशीनवर घालायचं काळं कापड मी स्वतःच्या डोक्यावरून घेतलं, मॉनिटरची पाठ उघडली, आणि दोघांवर मिळून ते पांघरून भर सकाळी ट्यूबच्या मानेकडे टक लावून बसले.

नेमके त्याच वेळी मालक पाहुण्यांना घेऊन कारखाना दाखवायला निघाले होते. पाहुणे म्हणजे नकाशे काढणाऱ्या कचेरीच्या मुख्य बाई आणि त्यांचे दोन सहायक. दुपारी त्यांना साहेब आपला जुन्या बोर्डाचा मॉनिटर दाखवणार होते. मला यातलं काही ठाऊक नाही, मी आपली कापडाखाली. एवढ्यात 'टक्' झालं, आणि दिसलं! ट्यूबच्या मानेपासून निघालेली निळी ठिणगी सरळ माझ्या चिपच्या पायावर! कारण तिला बाहेर जायला जी विणलेली तांब्याची जाड वायर असते, ती नव्या मॉनिटरमध्ये होतीच कुठे? तिच्या जागी सुतळीएवढी एक वायर होती, आणि तीही चिपच्या दारावरून जाणारी. मला इतका आनंद झाला की मी तशीच उठले आणि ओरडले, "सापडला खुनी!"

पाहुण्यांना दिसलं ते एवढंच, की टेबलावरचं एक काळं कापड दोन पायांवर उभं राहिलं आणि खुनाबद्दल ओरडू लागलं. एक सहायक मालकांच्या मागे गेला, मालक दुसऱ्या सहायकाच्या मागे गेले. जागेवर राहिल्या फक्त बाई. त्यांनी कापड उचलून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "कुणाचा खून?"

"चिपचा," मी म्हटलं.

"सापडला ना? मग झालं," असं म्हणून त्या पुढे गेल्या.

ती जाड वायर कुणी काढली होती, हे तुम्ही ओळखलंच असेल. सबुरीसाहेबांनी. "ट्यूब नवीन आहे, तिला कशाला हवी," म्हणाले. जेवणाच्या सुट्टीत मी नवी चिप बसवली, जाड वायर जोडली, आणि माझा मॉनिटर साहेबांच्या मॉनिटरशेजारी नेऊन ठेवला. त्यांनी डोळे वटारले. मी भिंत न्याहाळली.

बाई चष्मा कपाळावर चढवून नाक काचेला लावून बघतात. साहेबांच्या मॉनिटरवरचा नकाशा बघून म्हणाल्या, "या नदीला सावली का पडलीय?" साहेब म्हणाले, तापला की ठीक होईल. (तापला की सावली गुलाबी होते.) मग माझ्या मॉनिटरकडे वळल्या. डोंगराच्या उंचीचे सगळ्यात बारीक आकडे त्यांनी घडाघडा वाचले. "हा कुठला?" "तो बाद झालाय, चिप मरते," साहेब घाईनं म्हणाले. मी म्हटलं, "मरत नाही. साहेबांनी काढलेली जाड वायर परत जोडली आहे. मारून दाखवते." आणि चाचणीची लांब काठी घेऊन, सगळ्यांना मागे सरकवून, मी मुद्दाम ठिणगी पाडली. एकदा, दोनदा, पाच वेळा. चित्र दर वेळी डोळा मिचकावल्यासारखं लवलं आणि पुन्हा जागेवर आलं. सहायक दारापर्यंत पोचले होते. बाई टाळ्या वाजवत होत्या.

नंतर बाहेरच्या बोळात साहेबांनी मला गाठलं. "माझ्यासमोर, मालकांसमोर, पाहुण्यांसमोर! माफी माग."

"कशाची? चिप जगली त्याची?"

"वायर मी काढली होती हे सगळ्यांना कळलं, त्याची."

मामा, त्या क्षणी मला त्यांची दया आली, खरंच आली. घाम पुसत होते बिचारे. पण दया येणं आणि माफी मागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांच्या वायरी एकत्र जोडायच्या नसतात. मी म्हटलं, "साहेब, तुमच्यासाठी पाणी आणते. माफी नाही." पाणी आणलं. त्यांनी ते प्यायलंही.

दुसऱ्या दिवशी माझा मॉनिटर सुटा करून खोक्यात भरलेला होता, वर चिठ्ठी 'बाद'. मालकांनी ठरवलं होतं की जुनंच बोर्ड चालू ठेवायचं, चिपचं दोन वर्षांनी बघू. मी चिठ्ठी फाडली. पुन्हा चिकटली, पुन्हा फाडली. आता लोक मला सांगतात, दोन शब्द तर बोलायचेत, जीभ झिजते का? आईनंही तेच सांगितलं. तुम्हीही सांगाल. सांगा. मी नदीला सावली पडू देणार नाही, आणि चिपच्या नावावर दुसऱ्याचा खून चढवणार नाही.

मामीला नमस्कार, डॉक्टरांना हरण्याबद्दल शाबासकी.

तुमची (त्यांच्या मते उद्धट)
भाची

ता. क. : मी सोमवारी नोकरी सोडली. माफी न मागता सोडली, हे वेगळं लिहायला नको. आईला एवढ्यात सांगू नका.

आणखी ता. क. : नकाशावाल्या बाईंचा निरोप आला होता. त्यांच्या कचेरीत शेपटं फुटलेले चाळीस मॉनिटर आहेत, त्या सगळ्यांना चिपवालं बोर्ड बसवून हवं आहे. त्यासाठी उजेडाची, कोरडी, रस्त्याला लागून असलेली खोली लागेल. तुमची पुढची खोली अगदी तशी आहे. देता का?

शेवटचा ता. क. : मॉनिटर गुरुवारी तुमच्या पत्त्यावर येतील. मामीशी बोलणं झालं आहे, तिनं तुमची आरामखुर्ची कालच मागच्या गॅलरीत हलवली. तुम्हाला तेवढं विचारायचं राहिलं होतं, म्हणून हे पत्र.