तुझ्या कमरेवरची घागर

सक्करदरा, नागपूर
५ जानेवारी २०२६

सौ. सरितास,
सुभद्राबाईचे आशीर्वाद.

त्या सकाळी माझी भांडी घासून झाली होती. अंगण झाडलं, डाळ भिजत घातली आणि घागर घेऊन तुझ्या नळावर आले. नवी पाइपलाइन तुझ्या दारापर्यंत येऊन थांबली, म्हणून वर्षभर मी तुझंच पाणी पिते. तेवढ्यात समोरच्या पक्षाचे लोक जाहिरातीसाठी फोटो काढायला आले. कॅमेरावाल्याने माझी पितळी घागर पाहिली, मग माझं कपाळ पाहिलं. "काकू, जरा साइडले व्हा ना," म्हणाला आणि माझ्या हातातली घागर घेऊन तुझ्या कमरेवर ठेवली.

तू हसलीस. फोटोसाठीच हसलीस, हे आता कळतं.

कोराडीला लेकीकडे, प्रीतीकडे नीट पोचलीस ना? नातवाचा खोकला थांबला का? इकडे थंडी फार आहे.

चौकात तो फलक लागला: 'सरिताताईंच्या घरी पाणी आलं.' मी शाळा पाहिली नाही. आमचे हे आपल्या पक्षासाठी भिंती रंगवायचे, त्या वाचत वाचत अक्षरं शिकले. पण फलकावर मी आधी वाचलं ते घागरीवर कोरलेलं नाव. रुपराव. हातभर मोठं, तुझ्या कोपराखाली. जन्मभर दुसऱ्यांची नावं रंगवली त्यांनी. त्यांचं स्वतःचं नाव चौकात लागलं ते मरून तीन वर्षं झाल्यावर, आणि तेही तुझ्या कमरेवर. वर तुझं कुंकू, ताटाएवढं. मी बाजारात वळसा घालून जाऊ लागले.

मग आपल्या पक्षाचे भैय्याजी आले.

"वहिनी, त्यांच्या जाहिरातीले जवाब तं द्यावाच लागते. घागर माही हाय, एवढं बोला. बाकी आम्ही पाहून घेतो."

"अन् पाणी येते तिच्या घरी, त्याचं काय?"

"पाणी कोण पाहून राहिलं, वहिनी?"

मी मोबाइलसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "घागर माझी आहे. सरिताच्या नळाला थेंब येत नाही. ही बाई खोटारडी आहे." भैय्याजींनी एवढं मागितलंही नव्हतं. सकाळी तुझ्याच नळाचं पाणी पिऊन मी हे बोलले.

दोन दिवसांत सगळी वस्ती तुला 'खोटी नळवाली' म्हणू लागली. पिशवी भरून निघालीस तेव्हा माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "तुमची घागर माह्या ओट्यावर हाय, घेऊन जा." शिवी दिली असतीस तर सोपं गेलं असतं.

एक गोष्ट तुला कधी सांगितली नाही. एका निवडणुकीत समोरच्यांनी भिंतीवर लिहिलं, 'रस्ता आम्ही केला.' आपल्या पुढाऱ्यांनी यांना त्यावर चुना फिरवायला सांगितलं. हे म्हणाले, "रस्ता तं केला हाय त्यांनी. खऱ्यावर चुना फासला तं आपल्या खऱ्यावर कोण भरवसा ठेवते? बाजूची भिंत द्या मले. नाली काहून नाही केली, ते लिहितो."

मोबाइलसमोर उभी असताना मला हे आठवत होतं, सरिता. आठवत असूनही बोलले.

६ जानेवारी

काल हात इथेच थांबला.

आज सकाळी तुझ्या ओट्यावरची घागर आणून चिंचेने घासली आणि ती घेऊन चौकात भैय्याजींच्या सभेला गेले. बोलायला मागितलं. त्यांना वाटलं असेल, ही घागर दाखवेल. त्यांनी माईक दिला. मी म्हणाले, "सरिताच्या घरी पाणी येते. वर्षभर मी तेच पिते. खोटी ती नाही, मी आहे. माझ्या घरी पाणी काहून आलं नाही, तेवढं समोरच्यांले विचारा." भैय्याजींनी माईक काढून घेतला.

फलकाखालून परत आले. अजूनही पोटात दुखलं, पण वळसा घातला नाही. तुझ्या नळावर घागर भरली आणि तुझ्या ओट्यावर झाकून ठेवली.

तुझ्या नळाचं पाणी पिणारी,
सुभद्रा