डिझेलची इस्टेट आणि धुळ्याला न उतरल्याचा खुलासा

जळगाव,
२ डिसेंबर १९९७

तीर्थस्वरूप अक्कास,

शालिग्रामचा साष्टांग नमस्कार. या खेपेला तो जरा जास्त वेळ आडवा पडून घातला आहे असं समज, कारण गुन्हाही तसाच आहे.

तुझं कार्ड पोचलं. अख्ख्या कार्डावर तीनच ओळी. ‘धुळ्याला येऊन गेलास असे पुष्पाबाईंकडून कळले. घरी आला नाहीस. आम्ही खुशाल आहोत.’ खाली आशीर्वादसुद्धा नाही. मी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं, कुठे कोपऱ्यात बारीक अक्षरात काही लिहिलं असेल म्हणून, पण सगळं कोरं. तू शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं. मंदा म्हणाली, “आता चार ओळींनी भागायचं नाही, सगळं पहिल्यापासून लिहा.” म्हणून लिहितो आहे. तुझी तब्येत बरी असेल. दाजींचा खोकला थंडीत वाढला नसेल अशी आशा आहे. (त्यांना अडुळसा द्यावा. ते नाही म्हणतील, तरी द्यावा.) आम्ही इकडे ठीक.

तर मूळ कारण गाडी. मे महिन्यात मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो आणि पाचोऱ्याच्या शेतावर आठवड्यातून तीनदा जाऊ लागलो. स्कूटरवर पाठ मोडते, आणि पेट्रोलचा भाव तुला ठाऊकच आहे. एका दुपारी मी कॅलेंडरच्या मागे गणित मांडलं. डिझेल पेट्रोलच्या निम्म्याहून स्वस्त, म्हणजे डिझेलची जुनी गाडी घेतली तर दर मैलाला बचत, आणि जितकी जास्त चालवू तितकी बचत जास्त. मी हे मंदाला वाचून दाखवलं. ती तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, मग थांबूच नका, वर्षभरात लखपती होऊ. बायकांना हिशेबातलं मर्म कळत नाही. (हे वाक्य ती वाचणार नाही अशा बेताने पत्र पाकिटात घालीन.)

आता तूच सांग, ही काटकसर माझ्यात आली कुठून? आबा पाचोऱ्याला कापसाच्या जिनिंगमधून घरी येताना चपला हातात घेऊन यायचे, तळ झिजू नयेत म्हणून, आणि मारुतीच्या पारापाशी पायात घालायचे, कारण तिथून पुढे ओळखीची माणसं भेटायची. काड्यापेटीतल्या काड्या मोजायचं काम तुझ्याकडे होतं आणि तू दर आठवड्याला दोन काड्या कमी सांगून त्यांवर चिंचा भाजायचीस. आबांना ते माहीत होतं. मला त्यांनीच नंतर सांगितलं, आणि सांगताना इतके हसले की डोळे पुसावे लागले. तुला कधी बोलले नाहीत, कारण मग तू काड्या बरोबर मोजल्या असत्यास.

तर पेपरात छोटी जाहिरात आली. ‘धुळे येथे डिझेल इस्टेट विकणे आहे, एकहाती वापर.’ इस्टेट म्हणजे मागे डिकी नसलेली लांबलचक गाडी, जिचं छप्पर थेट शेवटपर्यंत जातं आणि मागे घराची एक खोली असावी एवढी जागा असते. पण मंदाने शेजारी फक्त इतकंच सांगितलं की हे इस्टेट घ्यायला धुळ्याला चाललेत. दोन दिवस गल्लीत मला फार मान मिळाला. एकाने आपल्या मुलीचं स्थळही आणलं, आम्हाला मुलगा नाही हे तो विसरला.

सोबत लोटन मिस्त्रीला नेलं. तीस वर्षं तो डिझेलची इंजिनं उघडतो आहे आणि माणसांपेक्षा इंजिनांवर त्याचा विश्वास जास्त. गाडीचे मालक हिलालआप्पा, मिरचीचे व्यापारी. वय पंच्याहत्तर, पांढरंशुभ्र धोतर, आणि गाडीवर असा जीव की ती दाखवण्याआधी आम्हाला पाय धुवायला लावले. लोटनने बॉनेट उघडलं, कान लावला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “दादा, गाडी म्हातारी शे, पन इंजन बठ्ठं चांगलं शे.” आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं कौतिकाने आलं. तसं नव्हतं. आप्पांनी पाच वर्षं त्या गाडीतून दोंडाईच्याहून मिरचीची पोती वाहिली होती आणि ती मिरची सीटच्या कापसात, छताच्या कापडात, पार दाराच्या फटीत जाऊन बसली होती. दार उघडलं की डोळ्यांत पाणी, काच खाली केली की शिंक. आप्पांना त्याची सवय होती, नाकाला धोतराचा सोगा लावूनच ते बोलत.

विकायच्या आधी त्यांनी मला पाटावर बसवून काटकसरीने गाडी कशी चालवावी याचा पाठ दिला. चाळिसाच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही. उतार आला की गिअर काढून घ्यायचा. आणि ब्रेक शक्यतो लावायचाच नाही, कारण ब्रेक लावला म्हणजे आधी जाळलेलं डिझेल मातीत गेलं. समोर माणूस आला तर? मी विचारलं. लांबून दिसतो ना, मग लांबूनच विचार करायचा, असं ते म्हणाले. मला तेव्हा आबांची इतकी आठवण आली की मी भावात घासाघीस केलीच नाही. लोटन दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही ते यासाठी.

आता मुद्द्याचं. गाडी निघता निघता बॅटरीने मान टाकली. आप्पांच्या हमालांनी ढकलून सुरू केली. लोटनने बजावलं की जळगाव येईपर्यंत इंजिन बंद करायचं नाही, केलं तर पुन्हा ढकलायला सहा माणसं लागतील. तरी मी देवपुरात शिरलो, अक्का. तुझ्या गल्लीतून गेलो. पण विचार कर, अठ्ठावन्न वर्षांचा भाऊ पहिल्यांदा गाडी घेऊन बहिणीच्या दारी येतो आणि जाताना ती गाडी बहिणीच्या शेजाऱ्यांनी ढकलायची. दाजी खोकत मागून जोर लावणार, पुष्पाबाई पदर खोचून पुढे येणार. ते काही मला बरं वाटेना. म्हणून न थांबता तसाच पुढे गेलो. हा खुलासा.

पुढचा प्रवासही ऐक. चाळिसाच्या वेगाने आम्ही पारोळ्याच्या रस्त्याला लागलो. मागून येणारा प्रत्येक ट्रक आम्हाला शिवी देऊन पुढे जात होता. मी शिंकत होतो, लोटन शिंकत होता, आणि दोघांना एकदम शिंक आली की गाडी आपली आपण डावीकडे जायची. पारोळ्याच्या अलीकडे एक सायकलवाला आमच्या खिडकीशी आला, कुठले म्हणून विचारलं, आणि चांगली दोन मैल सोबत केली. त्याचं कपाशीचं, धाकट्या मुलीच्या लग्नाचं सगळं सांगून झालं, मग घाई आहे म्हणून तो पुढे निघून गेला.

तेव्हा मला आपली पाचोरा-जामनेरची छोटी गाडी आठवली. शेंदुर्णीला मामांकडे जाताना आई फडक्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी बांधायची आणि गाडी सुटायच्या आधीच आपण निम्म्या संपवायचो. वाटेत कुणी शेतातून हात केला की गाडी हळू व्हायची, गार्डला कुणी हरभऱ्याची जुडी द्यायचं, आणि त्यातली एक काडी तुला हमखास मिळायची, कारण तू त्याला ‘गार्डमामा’ म्हणायचीस. मला कधी मिळाली नाही. आई खिडकीशी बसून माहेर जवळ येताना पाहायची आणि गाडी आणखी हळू चालावी असं तिला वाटायचं. हे मला तेव्हा समजत नसे. आता चाळिसाच्या वेगाने गाडी हाकताना थोडं समजलं. पोचण्याआधीचा तो जो वेळ असतो ना, तोच तिचा खरा माहेरपणाचा वेळ. शेंदुर्णीला उतरल्यावर तर मामींच्या हाताखाली पोळपाटच होता. मी हे लोटनला सांगू लागलो, पण तो झोपला होता.

एरंडोलच्या पुढे गाडी थांबली. ब्रेक न लावता थांबली. लोटन जागा झाला, त्याने टाकीला काठी लावून पाहिली आणि ती कोरडी काठी माझ्या हातात दिली. काटा अर्ध्यावर अडकलेला होता, आप्पांच्या काळापासून. डिझेल वाचवायचं म्हणून इतका जपत आलो आणि टाकीत थेंब नव्हता. डिझेलच्या गाडीचं असं की टाकी कोरडी झाली की पंपात हवा शिरते. मग नुसतं डिझेल ओतून चालत नाही, ती हवा काढत बसावं लागतं. शेवटी कापूस वेचून परतणाऱ्या बायकांचा ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत दाटी होती, म्हणून सुंदरबाई नावाच्या मुकादमीण आणि आणखी पाच जणी आमच्या मागच्या खोलीत येऊन बसल्या, ट्रॅक्टरला दोर बांधला आणि आम्ही निघालो. दोनच मिनिटांत मागून शिंका सुरू झाल्या. सुंदरबाईंनी शेवटी पुढे वाकून विचारलं, भाऊ, हाई गाडी शे का मसाल्याना डबा? आणि सगळ्या जणी शिंकत शिंकत इतक्या हसल्या की मलाही आवरेना. गेल्या कित्येक वर्षांत मी इतका हसलो नव्हतो. बायका त्यांच्या गावच्या फाट्यावर उतरल्या, ट्रॅक्टरवाल्याने मात्र आमच्या दारापर्यंत आणूनच दोर सोडला.

मंदा ओवाळायचं ताट घेऊन उभी होती. तिने आधी ट्रॅक्टरला कुंकू लावलं. म्हणाली, ओढतो त्याचा मान पहिला. नंतर गाडीपाशी आली, दार उघडलं, एकदा जोरात शिंकली आणि म्हणाली, चला, फोडणी तरी आयती आहे.

आता गाडी सरळ झाली आहे. सीटचा कापूस बदलला, काटा बदलला. शेतावर जाताना रोज कुणीतरी हात करतं, मी थांबतो (ब्रेक लावतो, आप्पांना सांगू नकोस) आणि मागे चार-पाच माणसं बसतात. लिटरला अठरा किलोमीटर पडतात. मंदा आता संध्याकाळी स्वतःहून पदर सावरून पुढच्या सीटवर येऊन बसते, कुठे जायचं ते विचारतही नाही. एवढं सगळं वाचून तुझा राग गेला असेल, असं मी धरून चालतो.

दाजींना नमस्कार. तुझ्या आशीर्वादाची पुढच्या कार्डावर वाट पाहतो.

तुझा धाकटा,
शालिग्राम

ता. क. लिटरला अठरा नव्हे, साडेअकरा. मंदाने पत्र वाचलं, तिने दुरुस्त करायला लावलं. बायकांच्या हिशेबाबद्दलचं वाक्यही तिने वाचलं आहे.

आणखी ता. क. अक्का, बॅटरीचं मी खोटं लिहिलं. बॅटरी गेली होती, पण लोटनने आप्पांच्या दारातच नवी बसवली. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी, गिरणीपाशी, मी इंजिन बंद करून चांगला अर्धा तास बसलो होतो. लोटनला चहा प्यायला पाठवलं होतं. तू ओसरीवर वाळवण उचलत होतीस. लाकडी खुर्ची पुढे सरकवायचीस, तिला धरून एक पाऊल टाकायचीस, पुन्हा खुर्ची. ओसरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला तुला किती वेळ लागला ते मी पाहिलं. प्रत्येक कार्डात ‘आम्ही खुशाल आहोत’, आणि मीही ते दोन वर्षं खरं मानत आलो. मी दारात उभा राहिलो असतो तर तू खुर्ची बाजूला सारली असतीस आणि चहा टाकायला तरातरा आत गेली असतीस. ते मला पाहवलं नसतं. म्हणून आलो नाही. पुष्पाबाई गाडीपाशी आल्या होत्या, त्यांनीच दोन्ही गुडघ्यांचं सांगितलं. मी किती वेळ बसलो होतो ते त्या तुला बोलल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

शेवटचं. इथे हाडांचे एक चांगले डॉक्टर आहेत, गुरुवारची, अकरा तारखेची वेळ घेतली आहे. दाजींशी पुष्पाबाईंच्या फोनवर बोललो आहे, त्यांच्यावर रागावू नकोस, आधी ते नाहीच म्हणत होते. गाडीचं मागचं सीट आडवं होतं. मंदाने तिथे गादी घातली आहे, वर तिच्या हातची गोधडी. मी स्वतः निजून पाहिलं, माझे पाय बाहेर येतात, तुझे येणार नाहीत. बुधवारी सकाळी मी निघतो. नाही म्हणायचं असेल तर कार्ड टाकू नकोस, मला तोंडावर सांग. मी दारातच उभा असेन, आणि तू उठायचं नाहीस.